डीएनएची माटोळी

गोव्यातल्या धारगळच्या आमच्या घरात गणपतीला नमस्कार करण्याआधी माणूस मान वर करतो. मूर्तीच्या डोक्यावर छताला टांगलेली माटोळी बघायची, 'बरी बांदल्यानी हां' म्हणायचे आणि मग हात जोडायचे, हा क्रम. माटोळी म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट. तिला केवणीच्या सालीच्या दोऱ्यांनी नारळ, सुपारीचे घोस, तवशी म्हणजे काकड्या, चिबूड, आंबाडे, पपनसासारखी तोरिंगे, बेलफळे, रानातली लालभडक कवंडळे, आंब्याचे टाळे असे सगळे बांधायचे. घाटावरची माणसे मखर करतात. आम्ही देवाच्या डोक्यावर परसबाग टांगतो. पूजा सांगताना भटजींच्या टकलावर एखादा आंबाडा पडला तर त्यांनी तो प्रसाद समजून बाजूला ठेवायचा, अशी आमच्याकडची जुनी समजूत होती. आमच्या घराची म्हणून आणखी एक रीत होती. गावच्या तळ्यातले एक कमळ आणि एक साळक, म्हणजे ती पांढरी कुमुदिनी, अशी दोन फुले एकाच दोरीला जोडीने बांधून ती बरोबर मधोमध सोडायची. ह्या जोडीला घरात 'भावांची जोडी' म्हणत. का म्हणत ते कुणाला ठाऊक नव्हते आणि कुणी विचारतही नव्हते. विचारण्याची हौस फक्त मला, आणि त्या हौसेने मी घराचे काय केले ते आता सांगते.

घर तिघा भावांचे. मोठे काका धारगळलाच राहून शेती बघत. मधले अण्णाकाका पाळीच्या खाणीवर टाइमकीपर होते आणि साखळीला बिऱ्हाड करून होते. खाणीवर माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा मांडता मांडता त्यांचा स्वभावच तसा झाला होता. कोण कुठे बसतो, कोण कुणाआधी जेवतो, कुणाचा मान कुठला, हे सगळे त्यांना चोख लागे. धाकटे माझे बाबा. बाबांची पद्धत अशी की भांडण सुरू झाले की ते छत्री घेऊन बाहेर पडत, मग पाऊस असो नसो. मोठ्या काका-काकींना मूल झाले नाही. बेळगावकडून रस्त्याच्या कामावर आलेल्या एका गवंड्याची बायको बाळंतपणात गेली, त्या गवंड्याचे पोर काकीने आधी दूध पाजायला म्हणून आणले आणि मग परत दिलेच नाही. रीतसर दत्तक घेतले, गावजेवण घातले, विनू नाव ठेवले. विनू माझ्याच वयाचा. आम्ही एका ताटात जेवलो, एका झाडावरून पडलो, आणि एकाच गणिताच्या पेपरात गटांगळ्या खाल्ल्या. पुढे मी शिकत गेले आणि त्याने हमरस्त्याला लागून गॅरेज टाकले.

मोठे काका गेले. पहिले वर्ष दुखवट्याचे, गणपती भटजींच्याच हातून कसाबसा उरकला. दुसऱ्या वर्षी मात्र प्रश्न उभा राहिला की पाटावर बसणार कोण. आमच्या घरात पूजेला थोरल्याने बसायचे आणि थोरल्यामागून त्याच्या मुलाने. म्हणजे विनूने. पण अण्णाकाका आषाढापासून धुमसत होते. "विनू बरो आसा, मी नाय खय म्हणतंय? पण देवाकडे बसूक रक्त लागता," असे त्यांनी बाबांना एकदा सांगितले, आणि बाबा छत्री घेऊन बाहेर पडले.  मोठ्या काकीने मात्र विनूसाठी नवे सोवळे आणून ठेवले होते, आणि ते सोवळे कपाटात आहे हे अख्ख्या घराला माहीत होते.

मला ह्यातले काही माहीत नव्हते असे मी म्हटले तर खोटे होईल. आईने पत्रात कळवले होते. पण मी त्या वेळी पुण्यात संशोधन करत होते, आणि संशोधन करणाऱ्या मुलीला घरच्या कटकटी म्हणजे खालच्या दर्जाच्या गोष्टी वाटतात. मी पाणवनस्पतींचे डीएनए वाचत असे. वाचत असे म्हणजे काय, तर पाने कुस्करायची, त्यांतून चिकट पांढरा धागा ओढायचा, आणि चार अक्षरांतला तो मजकूर यंत्रातून काढून दिवसदिवस बघत बसायचे. कामाची कल्पना मात्र सोपी आहे, शाळामास्तरांच्या अकलेची. परीक्षेत दोन मुलांच्या पेपरात सारखीच चूक सापडली की मास्तर ओळखतात, ह्याने त्याचे बघून लिहिले. जीवांचा मजकूरही पिढ्यानपिढ्या उतरवून घेतला जातो, त्यात चुका होतात, आणि ज्या दोन जीवांच्या चुका जुळतात त्यांचा पूर्वज जवळचा. अशा चुका जुळवत गेले की नात्यांचे झाड तयार होते. त्यातून मोठमोठे गैरसमज उघडे पडत होते. त्यातला माझा लाडका म्हणजे कमळाचा. कमळ आणि साळक एकाच तळ्यात, एकाच चिखलात, तशीच गोल पाने, तशीच फुले, म्हणून सगळे जग त्यांना सख्खी समजत आलेले. डीएनए वाचल्यावर कळले की दोघांचा काडीचा संबंध नाही. कमळाचा जवळचा नातलग काश्मिरातला चिनार, म्हणजे चांगला उंच, कोरड्या जमिनीवरचा वृक्ष! हा शोध माझा नव्हता. परदेशातल्या लोकांनी तो लावला होता आणि मी तो फक्त वाचला होता. पण मी तो अशा थाटात सांगत फिरे की ऐकणाऱ्याला वाटावे, कमळाने स्वतः येऊन माझ्या कानात सांगितले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी घरी पोचले ती पिशवीत कागदाची एक मोठी गुंडाळी घेऊन. त्यावर झाड काढलेले. मी ठरवले होते की यंदाची माटोळी रीतीने नव्हे, रक्ताच्या नात्याने बांधायची. विनू परसातून, रानातून सगळे सामान आणून सोप्यावर पसरून बसला होता. मी त्याला कागद दाखवला. त्याने तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "ह्या झाडाक पानां नाय ती?" पण हसत हसत बांधायला लागला. नारळ आणि सुपारी एका कोपऱ्यात, कारण दोघे एकाच कुळातले. तवशे, चिबूड आणि कवंडळ दुसऱ्या कोपऱ्यात, ती सगळी काकडीच्या कुळातली. तोरिंग आणि बेलफळ शेजारीशेजारी, कारण बेल हा लिंबाच्या कुळातला. हे ऐकून विनूने बेलफळ हुंगून बघितले. आंबाडे आंब्याच्या टाळ्यांत. राहिली भावांची जोडी. मी म्हटले, ही तोडायची. कमळ ह्या टोकाला आणि साळक त्या टोकाला. विनूच्या हातात दोन्ही फुले होती. तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उतरून तोच ती काढून आणत असे. "मधे बांदूची न्हय?" त्याने विचारले. मी म्हटले, "छे! ती भाऊच नव्हेत मुळी. मी उद्या सगळ्यांना सांगणार आहे." त्याने कमळ एका टोकाला बांधले आणि साळक दुसऱ्या टोकाला. मी खालून "आणखी लांब, आणखी लांब" म्हणून सूचना देत होते. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चतुर्थीची सकाळ. हमरस्त्यावरून मालवाहू ट्रक तेवढे घरघरत होते, बाकी गाव गणपतीच्या गडबडीत. वाड्यावर पोरे आरतीचे मातीचे घुमट बडवून बघत होती, कुणाचा तरी शामेळाचा ढोल मधेच वाजून थांबे. स्वयंपाकघरात मोठी काकी, माझी आई आणि अण्णाकाकी अशा तिघी पहाटेपासून उभ्या. हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवायला लावलेल्या, मुगागाठी झालेल्या, नेवऱ्यांचा डबा वर ठेवलेला, आणि मोठ्या तपेल्यात पाच भाज्यांचे खतखते रटरटत होते. खतखत्याचा वास उपाशी पोटी घेणे ही एक शिक्षाच असते. आमचे भटजी गावात एकटे आणि घरे पुष्कळ, त्यामुळे ते येईपर्यंत ऊन डोक्यावर येई. विनू आंघोळ करून नवे सोवळे नेसून खिडकीजवळ उभा होता. अण्णाकाकाही सोवळे नेसून आले होते. एका पाटासाठी दोन सोवळी तयार, आणि त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नव्हते. भटजी आले की काय होईल ते होईल, असा सगळ्यांचा हिशेब. अशा त्या तापलेल्या शांततेत अण्णाकाकांनी मान वर केली आणि म्हणाले, "ही माटोळी ह्या वर्सा अशी वाकडी कित्याक? जोडी खय गेली?"

झाले. मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. मी कागद उलगडला, भिंतीला लावला आणि सुरू झाले. शेजारची चार माणसे माटोळी बघायला आली होती, तीही थांबली, त्यामुळे मला अधिकच चेव आला. मास्तरांची गोष्ट सांगितली, चुका जुळवायचे सांगितले, नारळ-सुपारीवर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी कमळावर आले. मला माझी वाक्ये अजून पाठ आहेत, दुर्दैवाने. "एका तळ्यात वाढली म्हणून भावंडे होत नाहीत," मी म्हटले. "रूप सारखे, चिखल सारखा, पाणी सारखे. पण रक्त वेगळे ते वेगळेच! डोळ्यांना फसवता येते, डीएनएला फसवता येत नाही. साळकाच्या घरात कमळ कितीही वर्षे राहिले तरी ते साळकाचे होत नाही." आणि शेवटी, टाळ्यांच्या अपेक्षेने असेल, मी हात पसरून उभी राहिले.

टाळ्या कसल्या? शेजारची बाई खाली बघू लागली. बाबा छत्री शोधू लागले. विनूचा चेहरा मी बघितला आणि मग मला कळले की मी काय बोलले. त्याआधी नाही, अगदी त्या क्षणापर्यंत नाही. इतकी शिकलेली, इतकी हुशार, आणि डोक्यात उजेड पडला तो घरभर जाळ लावल्यावर! अण्णाकाकांना मात्र पुण्याहून साक्षीदारच मिळाला होता. ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आयकलास मां? मी म्हणतंय तेव्हा मी वायट. आता सायन्स म्हणता! घरचाच चेडू म्हणता!" विनू सोवळ्यावर टॉवेल घेऊन मागीलदारी निघून गेला.

मी धावले त्याच्यामागे. विहिरीच्या कट्ट्यावर बसला होता. माझ्यासारख्या माणसाला चूक झाली की गप्प बसवत नाही. आणखी ज्ञान ओतून ती धुऊन निघेल असे वाटते. मी म्हटले, "अरे विनू, झाडाचा अर्थ तसा नाही. कलमाचे बघ ना. खुंट रायवळ आंब्याचा असतो, काडी मानकुरादची बांधतो, आणि दोन्ही एकजीव होतात, एकच झाड म्हणतो आपण त्याला, आणि फळ येते ते…" इथे मी अडकले. फळ येते ते काडीचे, खुंटाचे नव्हे. म्हणजे दाखला उलटा माझ्याच अंगावर आला. विनूने माझ्याकडे बघितले. "तुजा झाला?" तो म्हणाला. "सुमा, माका लहानपणापासून ठावक आसा मी खयचो तो. शाळेत सांगितल्यानी, वाड्यार सांगितल्यानी, भांडाण झाला की अण्णाकाकांनी सांगितल्यानी. तू फक्त चित्र काडून सांगितलंस." त्याचा आवाज चढला असता तर बरे झाले असते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी रडायला लागले, तर तोच म्हणाला, "आता तू रडा नको. माका तुजी समजूत काडूक येळ नाय."

हल्ली अण्णाकाकांचा नातू परदेशात असतो. त्याने मध्यंतरी नळीत थुंकून ती कुठल्याशा कंपनीला पाठवली आणि तिकडून आलेले रंगीत वर्तुळ मला व्हॉट्सॲपवर धाडले. आत्ये, आपण कुठून आलो बघ. मी उत्तर लिहिले, 'छान आहे.' जन्मभर हाच व्यवसाय केलेल्या बाईने ह्याहून जास्त लिहायला हरकत नव्हती. पण नात्यांविषयी न विचारता बोलायचे नाही, एवढे एक पथ्य मी त्या दिवसापासून पाळते, आणि विद्यार्थी मला त्यामुळे उगीच गंभीर समजतात.

तर मी डोळे पुसत आत आले, आणि बघते तो मोठी काकी स्वयंपाकघर सोडून बाहेर गणपतीच्या खोलीत आलेली. काका गेल्यापासून ती देवासमोर येत नसे; दाराआडूनच हात जोडी. आता ती पदर खोचून माझ्या कागदासमोर उभी होती. मला बघून म्हणाली, "इलंस? ये. ह्या झाडात माका जरा दाखय गो. मी खय लटाकतंय?"

मी म्हटले, "काकी, हे फळांचे…"

"फळांचा आसांदे. रक्ताचा मां? मगे दाखय. माजा म्हायार मालवणाक. तुजी आवस सावतवाडची. अण्णाची बायल डिचोलेची. आमी तिघांय ह्या घरच्या रक्ताची न्हय. इतकी वर्सां ह्या गणपतीक निवेद कोण रांदता?" मग ती अण्णाकाकांकडे वळली. मोठ्या दिराशी बोलतात तसे नाही, धाकट्या दिराशी बोलतात तसे, कारण ते होतेच धाकटे. "भावजी, देवाक रक्त जाय म्हणतास ना? बरा. मगे रक्ताच्यांनी रांदूचा. पातोळ्यो चुलीर आसत, खतखत्यात अजून तिरफळां पडूक नाय. जावा." आणि ती सरळ सोप्यावर जाऊन बसली. तिच्यामागून माझी आई हात पुसत आली आणि बसली. सगळ्यांत शेवटी अण्णाकाकी आल्या, नवऱ्याकडे न बघता, आणि दोघींच्या मधे जागा करून बसल्या. मी त्यांच्याकडे जाऊ लागले तर काकी म्हणाली, "तू खय येतस? तू रक्ताची मां? तू भितर जा. मगे लग्न करून गेलंस की तुजा रक्त खयच्या देवाचा ता तुज्या पुण्याच्या लोकांक विचार."

म्हणून आमच्या घराण्याचे शुद्ध रक्त स्वयंपाकघरात गेले. अण्णाकाका, बाबा आणि मी; अण्णाकाकांचा मुलगा त्या वर्षी सुट्टी न मिळाल्याने आला नव्हता. तिघांना मिळून तिरफळांचा डबा सापडेना. अण्णाकाकांनी सोवळ्यात डाव घेऊन खतखते ढवळले ते अर्धे चुलीत सांडले. बाबांनी पातोळ्यांच्या मोदकपात्राचे झाकण उघडले आणि वाफेने हात भाजून घेतला. आता त्यांना छत्री घेऊन जायलाही हात मोकळा नव्हता. मी मास्टर ऑफ सायन्स, आणि पातोळी शिजली की नाही ते कशावरून ओळखतात हे मला माहीत नव्हते. "तुका काय येता तरी काय?" अण्णाकाका माझ्यावर ओरडले. मी म्हटले, "डीएनए." त्यावर बाबांना, कधी नव्हे ते, मोठ्याने हसू आले. अण्णाकाका हसले नाहीत. ते दारातून बाहेर बघत होते. सोप्यावर त्यांची बायको पाठ करून बसली होती, आणि मला वाटते, त्या पाठीकडे बघतच ते काही वेळ उभे राहिले.

तेवढ्यात भटजी आले. घामाघूम, पायात चिखल, अजून पाच घरे बाकी. "चला, चला, यजमान कोण? बसा पाटावर!" कुणी हलले नाही. मग काकी उठली, मागीलदारी गेली आणि विनूला दंडाला धरून घेऊन आली. त्याला पाटावर बसवले आणि आपण मागे उभी राहिली, दाराआड नव्हे, खोलीत. भटजींनी त्याच्या हातावर पाणी सोडले, मंत्र सुरू केला आणि मधे थांबून विचारले, "गोत्र?"

विनूला गोत्र येत नव्हते असे नाही. लहानपणापासून दर वर्षी त्याने ते बापाच्या मांडीशी बसून ऐकले होते. पण तो बोलेना. हातातले पाणी ओघळून सोवळ्यावर पडत होते आणि तो तसाच, मान खाली. मी त्याला ओळखत होते. अख्ख्या घरासमोर जे ऐकले त्यानंतर तो शब्द तो आपल्या तोंडाने उचलणार नव्हता. भटजींनी परत विचारले, "गोत्र सांगा हो!" बाबांची नजर छत्रीकडे गेली. काकीचे डोळे भरून आले होते, पण तीही बोलेना, कारण तिने सांगून भागणार नव्हते आणि तिला ते कळत होते. मला वाटले, आता हा उठणार, आणि एकदा उठला की ह्या घरात पुन्हा कधी बसणार नाही.  मी अण्णाकाकांकडे बघितले. सगळेच त्यांच्याकडे बघत होते, भटजीसुद्धा. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हातात डाव, सोवळ्यावर खतखत्याचे पिवळे डाग.

"कौशिक," अण्णाकाका म्हणाले.

मग ते दोन पावले पुढे आले आणि एकदम खेकसले, "म्हण रे! मोठ्यान म्हण, बापाशीचा नाव घेवन! घरचो मानूस असो गप बसता?"